घराची हाळी

नवरा धुळा गेल्यावर हरणाबाईनं सगळी मेंढरं जतच्या पलीकडच्या एका कानडी मेंढपाळाला विकली. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. मोडक्या मराठीत म्हणाला, "अव्वा, मेंढरं जवळ येत नाहीत. तुम्ही कसं बोलवत होता?"

मेंढरांना द्यायची हाळी प्रत्येक घराची वेगळी. परक्याला ती कुणी सांगत नाही. तरी हरणाबाई म्हणाली, "फोन त्यांच्याम्होरं धर," आणि बसल्या जागेवरनं हाळी दिली. "दिर्रोऽऽ! दिर्रोऽऽ!"

फोनमधून आधी एक मेंढी ओरडली. मग सगळा कळप.

पुण्याला भाषाशास्त्र शिकणारी नात, प्रांजल, शेजारीच होती. तिनं वही उघडली.

"आजी, दिर्रो म्हणजे काय गं?"

"म्हंजी काय असतंय? तुजा आजा हाळी द्यायचा, मी द्यायची. ऐकली की ती यायची."

प्रांजलनं शब्द लिहून घेतला. "आणि भाषा? मराठी लिहू?"

हरणाबाईनं फोन बंद करून तिच्या हातात दिला.

"आत्तापतूर आपली व्हती. आता कानडी लिव."