मागे धरलेली पळी
त्या घरातली रीत अशी की क्षमेच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना माफ करेपर्यंत स्वयंपाक करणारीने तोंडात काही घालायचं नाही. म्हणून मीठ लेक बघायची. यंदा रश्शाला उकळी येताच आईने सवयीने पळी पाठीमागे धरली. "बघ गं मीठ." पळी तशीच राहिली. दारात वडील उभे होते. लेकीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा "पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस" असं त्यांनीच बजावलं होतं. तिने ते पाळलं. पहिल्या बाळंतपणातच ती गेली. त्यांनी पुढे येऊन तळहातावर रस्सा घेतला, चाखला. "बरोबर आहे," कसंबसं म्हणाले, मग हात जोडले. "चुकलो गं. माफ कर." "केलं." तिने त्यांचं ताट वाढलं. "आणि तुझं?" "सगळ्यांची माफी झाली की." "आता कोण राहिलंय?" तिने पळी खाली ठेवली. "मीठ बघणारी."