हवालदाराची पिशवी

शिंप्याच्या घरात फौजदाराचा दरारा होता. हे कासव रोज सकाळी स्वयंपाकघरात गस्त घालायचं आणि अनवाणी दिसेल त्याच्या अंगठ्याला चावायचं. थंडी पडली तसं त्यानं खाणं सोडलं आणि एके सकाळी दगडासारखं गार पडलं. गेल्या हिवाळ्यात पहिलं कासव, हवालदार, असंच गेलं होतं. तेव्हा शिंप्यानं मखमलीची पिशवी शिवून त्याला तिच्यात घालून अंगणात पुरलं होतं. या खेपेला लेकीनं हट्ट धरला म्हणून त्यानं दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी फौजदाराला कोमट पाण्यात ठेवलं. तासाभरानं त्यानं मान बाहेर काढून बाईंचाच अंगठा पकडला. "अहो, मेलंय कुठलं! थंडीत कासवं महिनोन्महिने अशीच झोपतात," बाई हसल्या. शिंपीही हसला. लेक मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, हवालदाराच्या पिशवीचं तोंड तू दुहेरी टीप मारून शिवलं होतंस."