कोणी मारलं

तपासनीस बाई दार ढकलून आत आल्या, तेव्हा गवंडी मॅनेजरच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. एका हाताने त्याने मॅनेजरचा जबडा धरला होता आणि दुसऱ्या हातात तारा पिळायची पक्कड होती. एक दात फरशीवर पडला होता. दुसऱ्याची पाळी होती.

बाहेरच्या खोलीत लोक खुर्च्या आपटत होते. काउंटरची काच कधीच खाली आली होती. पोलिसांना आणायला बाईंनी बरोबरच्या शिपायाला पिटाळलं होतं आणि त्या तशाच काचांवरून चालत आतल्या खोलीपर्यंत आल्या होत्या. मागोमाग दारात माणसं दाटली.

"उठा त्याच्या अंगावरून," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कोण?"

"विमा तपासणी खात्याची. हे ऑफिस बंद करायचा हुकूम घेऊन आलेय."

गवंडी हसला. "वरातीमागून घोडं."

मॅनेजरने रक्ताची गुळणी थुंकली. "मॅडम, हा विमाच नाही. क्लब आहे आमचा. तुमच्या खात्याला इथे अधिकारच नाही." जीव कंठाशी आला होता, तरी घोकलेली वाक्यं तो सोडत नव्हता.

या एका शब्दावर त्याचा सगळा धंदा चालला होता. विमा म्हटला की राज्याचा कर आला, खात्याची तपासणी आली, लोकांच्या उपचारांसाठी रक्कम बाजूला राखणं आलं. क्लब म्हटला की हात झटकून मोकळं. सचोटीने कर भरणाऱ्या कंपन्यांचा विमा महाग पडे आणि याचं दातांच्या उपचारांचं कार्ड निम्म्या भावात घरोघर जाई. न्यायालयाने आज सकाळी ते म्हणणं फेटाळलं, तेव्हा कुठे बाईंच्या हातात हुकूम पडला होता. पण बातमी त्यांच्याआधी वस्तीत पोचली होती. कार्ड आता चालणार नाही एवढंच लोकांना कळलं होतं, आणि तेवढं पुरे होतं.

"न्यायालयाने आज निकाल दिलाय. हा विमाच आहे," बाई मॅनेजरला म्हणाल्या. मग गवंड्याकडे वळल्या. "याला सोडा. हा मेला तर याचे भागीदार सगळं याच्या माथी मारून मोकळे होतील. मला हा कोर्टात बोलता हवाय."

"मला माझी बायको हवी होती."

गवंड्याने पक्कड बाजूला टाकली.

"दाढ सुजली होती तिची. हा म्हणाला, कार्ड नवीन आहे, महिनाभर थांबा. पू गळ्यात उतरला. तिला श्वास घेता येईना, म्हणून मी तिला उचलून इथे आणली, याच टेबलासमोर. हा काय म्हणाला सांगू? म्हणाला, दातदुखीने कोणी मरत नाही."

मॅनेजर खालून काहीतरी पुटपुटला. काय ते कोणालाच कळलं नाही, पण त्याने तोंड उघडलं तेवढंच निमित्त झालं. गवंड्याचा हात कमरेला गेला आणि हातोडी बाहेर आली. बाईंनी विचार केलाच नाही. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी मॅनेजरच्या तोंडावर आपला हात आडवा धरला.

मनगटाच्या वर काहीतरी कट्कन तुटल्याचं त्यांना आधी ऐकू आलं. कळ मागाहून आली. त्या भिंतीला टेकल्या आणि टेकल्या टेकल्या खाली बसल्या. हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता.

गवंड्याने हातोडीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. तो मॅनेजरच्या अंगावरून उठला आणि बाईंसमोर उकिडवा बसला.

"तुम्हाला नव्हतं मारायचं, ताई."

"माहीत आहे मला," त्या दात आवळून म्हणाल्या. "जाऊ नका कुठे."

तो गेला नाही. मॅनेजर रांगत टेबलाखाली शिरला.

फौजदार आला तोवर बाहेरची गर्दी पांगली होती. त्याने मॅनेजरला टेबलाखालून ओढून हवालदाराच्या ताब्यात दिलं. "याच्या दाताचं काय लिहायचं, ते मी बघतो," एवढंच म्हणाला. मग बाईंजवळ गुडघ्यावर बसला, त्यांच्या हाताला हलकेच रुमाल गुंडाळला आणि आवाज खाली आणून विचारलं, "हात कसा मोडला? काचांवरून घसरून पडलात ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याही घरी हेच कार्ड आहे, बाई," तो म्हणाला. "घसरलात असं लिहिता येईल. या गवंड्याच्या पदरी दोन मुली आहेत. आईविना आहेतच, आता बापाविनाही होतील."

हो म्हणणं सोपं होतं. त्या हो म्हणणारच होत्या. पण टेबलापाशी मॅनेजर कान टवकारून उभा होता. रक्ताने माखलेल्या त्या तोंडावर, त्या काय बोलतात याची वाट बघणारं काहीतरी होतं. आज त्या घसरल्या, तर उद्या कोर्टात याच्याविरुद्ध त्यांचा एकही शब्द उभा राहणार नव्हता.

"घसरले नाही," त्या म्हणाल्या. "यांनी मारलं. हातोडीने."

फौजदाराने सुस्कारा सोडला.

बाईंना गवंड्याकडे बघवेना. तरी त्यांनी बघितलं. तो रागावला नव्हता. त्याने दोन्ही हात बेडीसाठी पुढे केले होते आणि मान डोलावत होता, एखादी भिंत ओळंब्यात सरळ उतरली की डोलवावी तशी.

"बरोबर लिहा, साहेब," तो फौजदाराला म्हणाला. "बायकोच्या वेळी कोणी मारलं, हे विचारायला कोणी आलंच नव्हतं."