वस्तादांची हाक

"उजवा!" सर्जेराव वस्ताद म्हणाले आणि दांड्या धरून उभ्या इरूचा उजवा पाय उचलला गेला.

तुटलेल्या मज्जारज्जूत डॉक्टरांनी नव्या नसा वाढवल्या खऱ्या, पण त्या बया हट्टी निघाल्या. शरीराचा ज्याच्यावर पक्का विश्वास, त्याच्याच आवाजाला त्या बधत. आईच्या हाकेला अंगठासुद्धा हलला नव्हता, इरूच्या स्वतःच्या सांगण्यालाही नाही.

"वस्ताद, तुमच्यामुळे चालतेय मी," इरू म्हणाली आणि म्हाताऱ्याला ते बोचलं. स्पर्धेत पोरीची गिरकी झटकन व्हावी म्हणून त्यांनीच मल्लखांबाला एरंडेल जास्त चोपडलं होतं. ती खाली कोसळल्यावर सांगितलं मात्र, पोरीचा हात सुटला.

खरं बोलावं तर विश्वास जाणार आणि पायांची पुन्हा लाकडं होणार. तरी तोंडून निघालंच, "इरू, हात नव्हता गं सुटला. तेल मीच जास्त लावलं."

इरू थिजली.

"डावा!" वस्ताद घाबरून ओरडले. पाय ढिम्म. "उजवा, बाळा!" काही नाही.

"आणि मी वर्षभर स्वतःलाच दोष देत बसले!" असं म्हणून तिनं त्यांच्या नडगीवर सणसणीत लाथ हाणली. कुणाच्याही हुकमाशिवाय.

वस्ताद कळवळत खाली बसले. मग डोळे पुसत त्यांनी दुसरी नडगी पुढे केली.

"आता डाव्या पायाचंही बघू दे."