नोंद नसलेली एकटीच

"कॉम्प्युटरवर कोण काय उघडतंय, याची प्रत्येकाच्या नावाने नोंद राहू द्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. चौगुले सरांनी ऑफिसातल्या पाचही नावांपुढे खूण केली. मग क्लार्क सुनयनाच्या नावापुढची काढून टाकली. पाचवीपासून त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोर. तिच्यावर कसली पाळत ठेवायची?

महिन्याभरात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली सहामाहीची प्रश्नपत्रिका फुटली. चौघांच्या नोंदी स्वच्छ निघाल्या.

"सर, माझीही दाखवा ना," सुनयना हसून म्हणाली. "मी ती फाइल उघडलीच नाही."

सरांची मान खाली गेली. "तुझी नोंदच ठेवली नाही गं. विश्वास होता म्हणून."

"म्हणजे उरलीस तू एकटीच. उद्यापासून येऊ नकोस." मुख्याध्यापिकांनी कपाटाच्या चावीसाठी हात पुढे केला.

चावी देताना सुनयना सरांना एवढंच म्हणाली, "माझ्यावरही संशय घेतला असतात, तर आज वाचले असते."