महादेवाच्या मंदिरातली जखीण

"ऊठ! आधी त्या पायरीवरून ऊठ!" आवडाबाईंनी सुनेला दंडाला धरून उठवलं.

सहावा महिना लागलेली तनुजा, भोवळ आली म्हणून महादेवाच्या जुन्या दगडी मंदिराच्या पायरीवर टेकली होती. या मंदिरात जखीण आहे आणि ती बायकांचं रक्त पिते, हे गंगापूरकडच्या या गावात शेंबडं पोरही सांगतं. म्हणून बाईनं पायरी चढायची नाही. पुरुषांनी खुशाल जावं. त्यांच्याबद्दल जखिणीची काही तक्रार नसावी.

तनुजा पांढरीफटक पडली होती. आवडाबाईंचे दीर काकासाहेब रोज गाभाऱ्यात पूजा करणारे. त्यांनी तिथंच निकाल दिला, "जखिणीनं धरलंय. बाळंत होईस्तोवर एक वेळ जेवायचं. दवाखाना नाय."

समोरच्या पारावर सरकारी नर्स मोनाली गावातल्या बायांचं रक्त तपासत बसली होती. तिनं तनुजाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब छोट्या मशीनला लावला.

"हिमोग्लोबिन सहा! अकरा तरी पाहिजे. हिला उपाशी ठेवलं तर माय आणि लेकरू, दोन्ही हातची जातील."

"मशीनला जखीण कळती व्हय?" काकासाहेब हसले.

"तुमचंही बोट द्या की मग."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी बोट दिलं. चौदा भरलं. जमलेल्या बायांचं मात्र सात, साडेसात, फार तर आठ. आवडाबाईंचं सात.

त्या चक्रावल्या. "बाई, मी तर जन्मात ही पायरी चढले नाय. माझं रगत कुणी पिलं?"

"मावशी, घरात तुम्ही जेवता कधी?"

"समद्या गडीमाणसांचं झाल्यावर. उरलं तर."

बोलून गेल्या आणि तनुजाकडं वळल्या. सुनेच्या हाडकुळ्या मनगटाकडं त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिला ही रीत त्यांनीच लावली होती. त्यांना गलबलून आलं, आणि मग संताप आला. गंगापूरला निघालेली जीप त्यांनी हात करून थांबवली आणि तनुजाला दवाखान्यात न्यायला आत बसवलं.

काकासाहेब आडवे आले. "वहिनी, जखीण खवळंल!"

"व्हा बाजूला, भाऊजी. जखीण मंदिरात नाय. ती आपल्या घरात रोज पहिल्या पंगतीला जेवती."