खाडीच्या तोंडचा दिवा

"एवढा मोठा नको," रुपाली म्हणाली. "होडीवरची बॅटरी आहे ती, लग्नाची रोषणाई नाही."

ऋत्विकने दिवा लहान केला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या स्टुडिओत तो जाहिरातींना चमक लावायचा. हापूसच्या पेटीला सोनेरी झळाळी, हॉटेलच्या तळ्यावर चांदणं. तेही खोटंच, पण त्या खोट्याने कोणी बुडत नाही.

रुपालीचे वडील गंगाराम कालपासून समुद्रात बेपत्ता होते. एकटा माणूस आणि एवढीशी होडी. आज सकाळी वारा वाढला आणि बंदरावरच्या लाँचवाल्यांनी शोध थांबवला. जायचं कुठे तेच ठाऊक नाही, मग आणखी चार घरं उघडी कशाला पाडा? त्यांचंही चूक नव्हतं.

पण बंदरावर एक रीत होती. समुद्रात अडकलेल्याचा दिवा दिसला की किनाऱ्यावर बसून राहायचं नाही. दिवा वैऱ्याचा असला तरी निघायचं.

काल तिन्हीसांजेला ऋत्विकने एका जाहिरातीसाठी ड्रोनने हाच समुद्र टिपला होता. रुपालीला त्यात एक दिवा हवा होता. दोघं शाळेपासूनचे मित्र, आणि तिचे डोळे रडून सुजलेले. नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

"ठेवू कुठे?"

"कुठंही ठेव. लाँचवाले निघाले पाहिजेत, बस."

ऋत्विकने माऊस सोडला. त्याचा थोरला भाऊ लवू त्यांतल्याच एका लाँचवर तांडेल होता, सुकाणू त्याच्या हाती. दिवा दिसला तर पहिला तोच निघणार. चित्रात उजवीकडे, बाहेर, दर्या नुसता उसळत होता. ऋत्विकने दिवा डाव्या कोपऱ्यात, खाडीच्या तोंडाशी नेला. तिथे पाणी त्यातल्या त्यात शांत. निदान कोणी मरायचं नाही.

"उजेड पसरल्यासारखा दिसत नाही रे," रुपाली म्हणाली.

"थांब, ग्लो लावतो."

त्याने सगळ्या चित्रावर ग्लो चढवला. हा प्रकार मोठा भाबडा. चित्रात जे काही जरासं उजळ सापडेल त्याच्याभोवती तो वलय काढतो, आपलं-परकं बघत नाही. खाडीच्या तोंडाशी पिवळसर उजेड फुलला. दोघांची नजर त्या कोपऱ्यातून हलेना.

"खरा वाटतोय?" ऋत्विकने विचारलं. आधीचं आणि नंतरचं ताडून बघायची त्याला सवयच होती. स्क्रीनवरची दिव्याची कळ दाबली, दिवा गेला. पुन्हा दाबली, आला. गेला, आला, गेला.

रुपालीचा फोन वाजला. पलीकडून तिची आई ओरडत होती, लाँचवाले घरी निघाले.

"पाठव! आधी पाठव!"

ऋत्विकने व्हिडिओ होता तसा सेव्ह केला आणि एकदाही न बघता तिच्या फोनवर धाडला. तिने तिथूनच तो बंदरावरच्या ग्रुपवर टाकला आणि स्कूटीकडे धावली.

थोड्याच वेळात तिचा मेसेज आला. लाँची निघाल्या, पुढे लवूदादा.

ऋत्विक डोकं धरून बसला. खिडकीबाहेर माड वाकत होते. आपण भावाला फसवून वादळात ढकललं, हे त्याला आता लख्ख कळलं. दोनदा त्याने लवूला फोन लावला. लागला नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला.

दुपार कलल्यावर लवूचाच फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

"गावला रं म्हातारा! जित्ता हाय!"

ऋत्विकला हुंदका फुटला. "आणि तू?"

"मना काय धाड भरलीय? होडीचं इंजिन बंद पडलं व्हतं. काल सांजचा बॅटरी हलवीत बसलावता, ती पन संपली म्हनतो."

"खाडीच्या तोंडाशी होते?"

"खाडी कुठली? तुज्या व्हिडिओत दिवा उजव्या अंगाला, पार भायेर. तिथनं वारा धरून हुडकत गेलाव, म्हनून तर गावला. बरा दिसला तुला!"

ऋत्विकने फोन ठेवला आणि फाइल उघडली.

त्याच्या दिव्याची कळ बंद होती. ग्लो तेवढा चालू होता, आणि उजवीकडे, पार बाहेर, वलय घेतलेला एक ठिपका हलत होता.